पंख्यावर नाव लिहिता येतं, रात्रपाळीवर कुठे लिहिणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन म्हणून तुमच्या पुरवणीत वृद्धाश्रमांवर पानभर आलं ते वाचलं. दरवर्षीच येतं. सुरकुतलेल्या हातांचा फोटो, खिडकीतून बाहेर बघणारी एक आजी आणि खाली पोटची पोरं कशी विसरली ते. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर कोणीतरी ते पान टाकलं, सगळ्यांनी हात जोडले, रडके इमोजी टाकले आणि दहा मिनिटांत टँकर कधी येणार यावर गाडी वळली. मी काहीच टाकलं नाही, कारण माझी आई अशाच एका ठिकाणी राहते आणि तुमच्या पानावरचं निम्मं वर्णन मला तिथे कधी दिसलं नाही आणि तिथे जे रोज दिसतं ते पानावर कुठेच नव्हतं. म्हणून लिहायला बसले. पत्र लांबलंय हे मलाही दिसतंय, कापायचंच झालं तर आमच्या घरचं कापा, तिथे काम करणाऱ्या मावशींच्या पगाराचं तेवढं ठेवा.

संस्थेचं नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. नाशिकहून त्र्यंबक रोडने जाऊन आत वळलं की एका गावाच्या वेशीवर आहे. माझ्या लग्नाच्याही आधीपासूनचं, तेव्हा म्हणे आजूबाजूला नुसती भातखाचरं होती, आता रिसॉर्ट आणि एनए प्लॉटचे बोर्ड. पुढे जुनी कौलारू बैठी इमारत, मागे नंतर बांधलेली स्लॅबच्या खोल्यांची रांग, एक आंबा, आणि ओटा. या ओट्यावर सकाळी ऊन येतं आणि उन्हातल्या जागेवरून रोज भांडणं होतात, अगदी काल पण तूच बसली होतीस इथपर्यंत. खिडकीत बसून वाट बघणारं कोणी नसतं असं मी म्हणणार नाही, पण जास्त करून लोक चहाची वाट बघत असतात.

आणि तिथे राहतात कोण ते पण बघा जरा. पोरांनी आणून सोडलेले आहेत, नाही असं नाही. पण लग्नच न केलेले एक मास्तर आहेत. मूलबाळ नसलेल्या दोन सख्ख्या जावा आहेत, आयुष्यभर एका घरात भांडल्या आणि इथे शेजारी-शेजारी कॉट मागून घेतल्या, भांडण मोडू नये म्हणून असं आई म्हणते. नोटप्रेसमधून रिटायर झालेले एक आबा आहेत, त्यांची एकुलती एक मुलगी पुण्याला असते आणि तिचं स्वतःचंच डायलिसिस चालू आहे, ती कोणाला उचलणार. आणि माझी आई. ती आमच्याकडे होती इंदिरानगरला, तिसरा मजला, लिफ्ट नाही, आम्ही दोघं नोकरीला आणि मुलगा क्लासला, म्हणजे सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत ती, टीव्ही आणि बाहेरून लावलेलं कुलूप. कुलूप का तर एकदा गॅस चालू ठेवून ती जिने उतरून रोडवर गेली होती. इथे यायचं तिनेच काढलं, तिची गावाकडची एक मैत्रीण आधीपासून इथे होती. अजूनही लग्नाकार्यात मला कोणीतरी कोपऱ्यात घेऊन विचारतंच, आईला तिकडे टाकलं म्हणे? मी म्हणते हो, रविवारी चला की बघायला, गाडीत जागा आहे. आजवर एकजण आलेला नाही.

असो. मला सांगायचंय ते वेगळंच आहे. अशी ठिकाणं चालतात कशावर? लोकांना वाटतं देणगीवर, संस्थाचालकांच्या त्यागावर. असेलही. मला जे दिसतं त्यावरून तरी ती पाड्यावरनं येणाऱ्या दहा-बारा बायकांच्या कमरेवर चालतात, आणि त्या कमरेचे पैसे द्यायला कोणी तयार नाहीये, ना आपण, ना सरकार.

पावसाळ्याचंच घ्या. त्र्यंबककडचा पाऊस माहितीये त्यांना सांगायला नको, एकदा लागला की गणपती उठेपर्यंत कपडा वाळत नाही. आपल्याकडे चार कपडे ओले राहिले की आपण घर डोक्यावर घेतो, इथे एका रात्रीतून दहा-बारा चादरी, तेवढीच लुगडी, परकर आणि फडकी ओली होतात, ती लघवीची ओली, नुसती पिळून दोरीवर टाकून भागत नाही, गरम पाण्यात उकळून काढावी लागतात. कोणीतरी दिलेलं वॉशिंग मशीन आहे पण पावसात लाईटच नसते, कधी कधी दोन दिवस. गच्चीवरचा सोलर पण तेव्हा नुसता शोभेला. मग पहाटे बंब पेटतो, आणि मागच्या पडवीत शेगड्या पेटवून त्यावर बांबूच्या मोठ्या डाली उलट्या घालतात आणि चादरी त्या डालीवर पसरतात, मावशी बाजूला बसून उलटसुलट करत राहतात, करपू नये म्हणून उठता येत नाही. पावसाळाभर आईच्या अंथरुणाला धुराचा वास येतो. मला आधी कसंतरी व्हायचं, आता मी गेल्या-गेल्या आधी चादर हुंगते, धूर आला की चादर कोरडी आहे, आणि चादर कोरडी तर पाठ शाबूत.

पाठीचं जरा सविस्तर लिहिते कारण घराघरात याचा पत्ता नसतो. पडून असलेल्या माणसाचं वजन तासन् तास एकाच जागेवर पडलं की तिथलं रक्त थांबतं आणि कातडी मरायला लागते, माकडहाडावर, खुब्यावर, टाचांवर. ओल असेल तर अजून लवकर. पहिल्यांदा नुसता लाल डाग दिसतो, बोटाने दाबला तरी फिका होत नाही असा, तिथेच लक्ष गेलं तर सावरतं. नाही गेलं तर जखम होते, आत हाडापर्यंत जाते, आणि शुगरवाल्या माणसाची असेल तर महिनोन् महिने भरत नाही. उपाय काय तर साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. हवेची गादी घेतली म्हणजे झालं असं नसतं, तिच्यावर पण कूस बदलावीच लागते. शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलातून परत आलेल्या एका आजोबांच्या पाठीला तळहाताएवढी जखम होती, ती या कौलारू घरात भरली. मावशींनी घड्याळ बघून कूस बदलली, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी दिली, दोन वेळा ड्रेसिंग केलं, आणि अंड्यातलं पांढरं, डाळीचं घट्ट पाणी, नागलीची पेज असं जे गिळलं जाईल ते वाटीवाटीने घातलं कारण अंगात प्रोटीन नसेल तर जखम भरत नाही. या बाईंचं शिक्षण सातवी.

आता हिशोब करा. पूर्णपणे पडून असलेले साधारण दहाजण आहेत. रात्री दहा, बारा, दोन आणि चार, म्हणजे एका रात्रीत चाळीस वेळा कोणाला तरी कुशीवर करायचं. यात कपडे बदलणं धरलं नाही, उठून बाथरूमला निघालेल्याला धरायला पळणं धरलं नाही, आणि ते सगळ्यात महत्त्वाचं, कारण या वयात रात्री पडलं की खुब्याचं हाड मोडतं आणि हाड मोडलं की बरेचजण परत उठतच नाहीत. रात्री लघवीला उठायला नको म्हणून हे लोक संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत, त्यात म्हातारपणी तहान पण नीट कळत नाही, मग गोळ्या आणि कमी खाणं यात रक्तातलं सोडियम बिघडतं आणि माणूस बरळायला लागतो. घरचे म्हणतात वेड लागलं, करणी केली. मावशी म्हणतात रक्त तपासा ताई, मागच्या खेपेला असंच झालं होतं. आणि रात्रीला आश्रमातल्या एकूण चाळीस-पंचेचाळीस जणांना मावशी किती? दोन.

एक रात्र मी तिथे राहिले होते, आईला ताप होता म्हणून. एक कंडक्टरकाका आहेत, खरोखरचे एस.टी.तले, सगळी नोकरी कंडक्टरकी केलेली, आता विसरायला लागलेत. दिवसा ठीक असतात, अंधार पडला की अस्वस्थ होतात. रात्री दीड-दोनला उठले, पांघरुणाची घडी खांद्याला अडकवली बॅगसारखी आणि कॉटच्या मधल्या रांगेतून चला पुढे सरका, पुढे सरका करत निघाले. आपण असतो तर काय केलं असतं, काका झोपा, तुम्ही घरी आहात, बस कुठेय, असं म्हटलं असतं आणि काकांनी आपल्याला ढकललं असतं. रात्रीच्या मावशी आल्या, हातातली लाकडी पट्टी खाली ठेवली (कुत्रं येतं रात्री) आणि म्हणाल्या, काका गाडी फुल झाली, आता सी.बी.एस. स्टँडला लागली, तुमची ड्युटी संपली, हिशोब सकाळी करू. काकांनी विचारलं किती कलेक्शन? मावशी म्हणाल्या मोजलंय, बरोबर हाय. मग काका निमूट जाऊन झोपले. त्याला शहरात डिमेंशिया केअर म्हणतात आणि त्याचे कोर्स आहेत. मावशींना कोणी शिकवलं नव्हतं, त्या म्हणाल्या माझ्या सासऱ्याला पण असंच बैल दिसायचे, बैल बांधले म्हटलं की झोपायचे.

या मावशींना महिन्याला नऊ-दहा हजार मिळतात. आमच्याच कॉलनीत एका आजोबांसाठी एजन्सीमार्फत बाई ठेवली आहे, बारा तास, तिचे महिन्याला वीसच्या वर जातात, त्यातले एजन्सी किती ठेवते देव जाणे. मग या पाड्यावरच्या बायका दोन-तीन वर्षं इथे राहून काम शिकतात, कूस बदलणं, नाकातल्या नळीतून खायला घालणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, शुगर बघणं, आणि शिकल्या की नाशिकला जातात. जाणारच ना, त्यांना पण पोरं आहेत, शाळेच्या फिया आहेत. आणि दुसरं, हे बाहेरच्या लोकांना कळणार नाही पण आपल्याकडच्यांना कळेल, ऑक्टोबरची छाटणी झाली की दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांना बायका लागतात. घड औषधात बुडवणं म्हणजे डिपिंग, विरळणी, मग जानेवारीपासून काढणी. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडून पिकअप भरून बायका जातात आणि रोजाचा हिशोब इथल्यापेक्षा केव्हाही बरा पडतो. म्हणजे नेमकी थंडी सुरू होते, म्हाताऱ्यांची छाती भरायला लागते, आणि तेव्हाच आश्रमात हात कमी पडतात. मॅनेजर दर दिवाळीनंतर गावोगाव फिरत असतात बाई मिळते का बघायला. द्राक्षवाल्यांचा यात काही दोष नाही, आणि बायकांचा तर अजिबातच नाही. जिथे चार पैसे जास्त तिथे माणूस जातो, आपली पोरं बंगलोरला जातात तेव्हा आपण पेढे वाटतो.

आता देणगीचं. पितृपक्षात तिथे जाऊन बघा एकदा. रोज कोणाचं तरी जेवण, सर्वपित्रीला तर दोन-दोन पार्ट्या, खीर, वडे, बासुंदी, जिलबी. नको म्हणता येत नाही, लोक श्रद्धेने आणतात, आणि आजी-आजोबा पण लहान मुलांसारखे खातात. मग शुगर चढते आणि पोटं बिघडतात आणि ती बिघडलेली पोटं रात्री त्याच दोन मावशी निस्तरतात. वाढदिवसवाले वेगळेच. केक, टोप्या, फुगे, अर्धा तास फोटो आणि निघाले. एका साहेबांनी तर आजींना परत एकदा हसायला लावलं कारण फोटोत डोळे मिटले होते. तिथल्या प्रत्येक पंख्यावर कै. अमुक यांच्या स्मरणार्थ आहे, बाकावर आहे, वॉटर कूलरवर आहे, व्हीलचेअर तर गरजेपेक्षा जास्त झाल्यात, तीन-चार अडगळीत उभ्या आहेत. सातपूर-अंबडच्या एका कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे समाजकामाच्या निधीतून, काही द्यायचं काढलं तेव्हा मॅनेजरनी स्पष्ट सांगितलं की आम्हाला दोन बायकांचा वर्षाचा पगार द्या. ते म्हणाले पगार आमच्या पॉलिसीत बसत नाही, वस्तू सांगा. आणि मग अजून एक टीव्ही आला. मला त्यांचं पण कळतं, टीव्हीवर स्टिकर लावता येतं, रात्री दोन वाजता बदललेल्या कुशीवर कुठे लावणार?

आणि सरकारी योजना बघा, त्याही अशाच. मी नावं ठेवत नाही, एकेक योजना चांगलीच आहे. सत्तरीच्या पुढे पाच लाखांचं आयुष्मान वय वंदना कार्ड आलं ऑक्टोबर २०२४ मध्ये, उत्पन्नाची अट नाही, उत्तम. पण ते ॲडमिट झालात तर, कूस बदलायला ॲडमिट कोण करतं. मुख्यमंत्री वयोश्री आली २०२४ लाच, पासष्टीच्या पुढच्यांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र वगैरेसाठी एकदाच ३,००० रुपये, छान. श्रावणबाळ पेन्शनचे २०२३ पासून महिना १,५०० झाले, त्यालाही कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत पाहिजे, म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार, एवढ्यात कोणाचं कुटुंब चालतं ते मला दाखवा. आणि इंदिरा गांधी वृद्धापकाळ पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा किती, तर साठ ते एकोणऐंशी वयाला २०० रुपये आणि ऐंशीच्या पुढे ५००, वरची भर राज्य घालतं. दोनशे रुपयात मोठ्यांच्या डायपरचं दहाचं पाकीट सुद्धा धड येत नाही. आजाराला पैसे आहेत, काठीला आहेत, पण रोज उठवून आंघोळ घालणाऱ्या हाताला यातल्या एकाही योजनेत पैसे नाहीत. कारण तो आजार नाही आणि वस्तू पण नाही.

शिवाय जे मिळतं ते मिळवायला पण हातच लागतात. हयातीचा दाखला म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. सगळा जन्म खुरपं आणि विळा धरलेल्या बोटांच्या रेषा राहिलेल्याच नसतात, अंगठा मशीनवर घेतच नाही, डोळ्याने करायचं तर मोतीबिंदू. चेहऱ्याने होतं आता मोबाइलवर, पण ते करणाऱ्याकडे धीर पाहिजे, कॅमेऱ्यासमोर पापणी मिटायला सांगितली की आजी डोळे गच्च मिटूनच बसतात. त्यापायी अख्खी रिक्षा भरून म्हाताऱ्यांना बँकेत आणि तहसीलला न्यायचं, सोबत एक मावशी म्हणजे इकडे दिवसभर एक कमी. बँकेने आणि तहसील कचेरीने वर्षातून एक दिवस आश्रमात येऊन बसायचं, सगळ्यांचं एकदम होऊन जाईल. सही-शिक्क्यासाठी नव्वदीच्या बाईला तुम्ही जिन्याने वर बोलावता आणि हयात आहे का विचारता, वर जाऊन नसायचीच एखादी.

२००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे ते सगळे सांगतात. प्रांताकडे अर्ज करता येतो, नव्वद दिवसांत निकाल, दरमहा दहा हजारांपर्यंत पोटगी. मी तिथे एकदा सगळ्यांना बसवून हे वाचून दाखवलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि एक आजोबा म्हणाले, पोरावर केस करून त्याच्याच पैशाची भाकरी खायची, ती गिळंल का? विषय संपला. पण याच आजोबांनी जमीन मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने करून दिली तेव्हा त्यात सांभाळ करायची अट लिहिली असती तर गोष्ट वेगळी होती, त्याच कायद्याच्या कलम २३ मध्ये अशी अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करता येतं. हे तुमच्या पानावर मोठ्या अक्षरात छापण्यासारखं होतं, त्या खिडकीतल्या फोटोच्या जागी. त्याच कायद्यात कलम १९ पण आहे, गरजू ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे जणांचं एक वृद्धाश्रम सरकारने काढावं म्हणून. २०११ च्या जनगणनेतच देशात साठीच्या पुढचे १० कोटी ३८ लाख होते, आता किती असतील, आणि आपण अजून दीडशेच्या गोष्टी करतोय.

गावाबद्दल मात्र लिहिलंच पाहिजे. एवढी वर्षं हे टिकलं त्यात गावाचा मोठा हात आहे, आणि गावाने कधी फोटो काढले नाहीत. दूध गावातूनच येतं, बिल थकलं तरी बंद होत नाही. कोणाला रात्री न्यायचं झालं आणि १०८ ला वेळ लागला तर कोणाची तरी बोलेरो येतेच. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या दिंड्या त्र्यंबकला निघतात तेव्हा एक दिंडी आत वळून ओट्यावर टेकते, चहा होतो. दोन दिवस आधीपासून आजींची कुठलं लुगडं नेसायचं चालू असतं आणि वारकरी पाया पडतात तेव्हा त्या एवढ्या रुबाबात आशीर्वाद देतात की बघत राहावं. आणि कोणी गेलं की मुलगा परगावाहून येईस्तोवर सगळी तयारी गावातली माणसं करून ठेवतात, कोणाचा मुलगा आलाच नाही तर खांदा पण देतात आणि त्याची चर्चा करत नाहीत.

एस.टी. चं पण एक चांगलं सांगायचंय. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढे प्रवास फुकट झाला ना, त्याने या आश्रमात पाहुणे वाढले. माझी मावशी, आईची धाकटी बहीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, निफाडहून एकटी दोन बस बदलून येते, पिशवीत चिवडा आणि अख्ख्या तालुक्याच्या बातम्या घेऊन, कोणाला विचारायला नको, कोणाकडे पैसे मागायला नको. आधी तिला मुलाने आणलं तर यायची, म्हणजे यायचीच नाही. ज्याने कोणी हे केलं त्याला माझा नमस्कार, माझ्या मते जन्मभराच्या भाषणांपेक्षा एक फुकट तिकीट बरं.

तर मागणं एवढंच आहे. लोकांना सांगा की जेवण देऊ नका, पगार द्या. चार घरांनी मिळून महिन्याला तीन-तीन हजार काढले तर एक रात्रीची मावशी उभी राहते, ती पण जरा बऱ्या पगारावर. आमच्या बिल्डिंगमध्ये मी विचारलं, तीन घरं तयार झाली, चौथे म्हणाले आम्ही अन्नदान करतो, तर त्यांच्याकडून तूर्त डायपर घेते. कंपन्यांनी पगाराला नाही म्हणू नये. नर्सिंग आणि फिजिओथेरपीची कॉलेजं नाशिकमध्ये कमी नाहीत, त्यांच्या मुलामुलींना आठवड्याला एकदा पाठवलं तर मुलांना शिकायला मिळेल आणि आमच्या मंडळींचे आखडलेले गुडघे हलतील. आणि मावशींना त्यांच्या कामाचं एखादं साधं सर्टिफिकेट तरी मिळावं, उद्या त्या शहरात गेल्या तरी एजन्सी निम्मे पैसे खाणार नाही.

आणि एक तातडीचं. सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला, म्हणजे ऐन पावसात. २०१५ च्या पर्वणीला बॅरिकेडिंग कसं होतं ते नाशिककरांना आठवत असेल, घरातून निघून घरी जाता येत नव्हतं. त्र्यंबक रोड बंद झाला तर पाड्यावरच्या बायका कामावर कशा येणार, ऑक्सिजनचा सिलेंडर कसा येणार, कोणाला रात्री सिव्हिलला कसं नेणार? कुंभमेळ्याच्या नियोजनात साधूंच्या आखाड्यांची, पार्किंगची, हेलिपॅडची चर्चा रोज वाचते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असलेल्या अशा संस्थांचं नाव एकदाही वाचलं नाही. त्यांची एक यादी करून गाडीचे आणि कामाच्या बायकांचे पास आधीच द्या आणि पर्वणीच्या दिवसांत एक ॲम्ब्युलन्स त्र्यंबकच्या अलीकडे उभी ठेवा. कलेक्टर साहेबांपर्यंत हे तुमच्या पेपरमधूनच लवकर पोचेल म्हणून इथे लिहिलं.

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

ता.क. एवढं वाचूनही ज्यांना वस्तूच द्यायची आहे त्यांनी जुनी धुतलेली सुती धोतरं, नऊवारी लुगडी आणि मऊ झालेल्या सुती चादरी द्याव्यात. पॉलिस्टरच्या साड्या नकोत, त्या पाणी टिपत नाहीत आणि शेगडीवर धरल्या की चिकटतात.